चि. ताईस, उत्तनला

चि. ताई,
अनेक आशीर्वाद.

न्यायाधीशांच्या अकादमीत पोचल्याचा मेसेज तू बाबांना केलास, मला नाही. म्हणजे राग अजून उतरलेला नाही. असू दे. निघायच्या आदल्या रात्री तू जे बोललीस त्याचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही. मावशी जेवायला बसली होती आणि भाकरी तव्यावर होती. म्हणून आता लिहिते.

आधी एक सांग, तुझ्या खोलीत दुसरी मुलगी आहे ना? की एकटीच आहेस?

तू म्हणालीस, न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी साहेबांचं नाव घेऊन आता काय उपयोग, वाढवणला बंदर यायचं ते येतंच आहे. बाबा गप्प बसले. मामाचा चेहरा तू पाहिला नाहीस, मी पाहिला.

ताई, १९९८ साली डहाणूचं पर्यावरण राखायला नेमलेल्या त्यांच्या प्राधिकरणाने वाढवण बंदराला नकार दिला तेव्हा तू मांडीवरची होतीस. वरोरचे आजोबा सुनावणीला निघाले, त्यांच्याबरोबर मीही तुला घेऊन गेले. रेघांच्या कागदावर त्यांनी स्वतः अर्ज लिहिला होता. आदल्या रात्री तीनदा फाडला आणि तीनदा लिहिला. डाय कोरणारा माणूस तो, सोनाराच्या ठशावर केसाएवढी रेघ काढताना हात हलायचा नाही, पण तो कागद धरताना बोटं थरथरत होती. नखांत लोखंडाचा कीस तसाच. वकील नाही, इंग्रजी नाही. खडकात शेवंड कुठे सापडते, कुठल्या महिन्यात मासळी किनाऱ्याला अंडी घालायला येते, हे त्यांनी आपल्या बोलीत सांगितलं. मधे कुणी थांबवलं नाही. परतताना गाडीत ते एवढंच म्हणाले, ऐकलं हो आपलं.

समोर अध्यक्षाच्या खुर्चीवर बसलेला माणूस, म्हणजे धर्माधिकारी साहेब, उच्च न्यायालयातून १९८९ सालीच निवृत्त झाला होता. सतरा वर्षं न्यायाधीश, शेवटी प्रभारी मुख्य न्यायमूर्ती. घरी बसून मान घेता आला असता. दादा धर्माधिकारींचा मुलगा, शाळकरी वयात बेचाळीसच्या लढ्यात उतरलेला. त्याला बसवलं नसेल कदाचित. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने डहाणूचं प्राधिकरण झालं, ते अध्यक्ष झाले आणि ३ जानेवारी २०१९ ला गेले तोवर अध्यक्षच राहिले. डहाणूच्या औष्णिक वीज केंद्राच्या धुरातला गंधक काढणारी यंत्रणा बसवा, हा आदेश १९९९ चा. ती बसायला पुढची सात-आठ वर्षं गेली. मधे कंपनीकडून तीनशे कोटींची बँक हमी मागावी लागली. इतकी वर्षं एकाच फाईलचा पाठपुरावा करायचा, तेही सत्तरी उलटल्यावर! शिवाय वर्ध्याची गांधी विचार परिषद होती, महिलांवरचे अत्याचार रोखण्यासाठी सरकारने नेमलेली समिती होती. २००३ साली पद्मभूषण मिळालं तेव्हा आजोबांनी पेढे वाटले होते, जणू घरातलंच कुणी.

हो, २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने बंदराला परवानगी दिली. २०२४ च्या ऑगस्टमध्ये पायाभरणीही झाली. मला ते कळतं, मी पेपर वाचते. पण मधली पंचवीस वर्षं कुठे गेली म्हणतेस? त्या वर्षांत वाढवणच्या होड्या दर्यावर गेल्या. मामाने घर बांधलं. आजोबांनी डोळे जाईपर्यंत डाय कोरल्या आणि त्याच पैशातून तुझी लॉ कॉलेजची फी भरली गेली. तू शिकलीस ती त्याच पंचवीस वर्षांत. एखादा निकाल कायम टिकला नाही म्हणून तो वाया गेला, असं तू तरी म्हणू नकोस. तू आता निकाल लिहिणार आहेस.

आणि तूच मला पोळ्या लाटताना म्हणून दाखवायचीस ना, तो ए.डी.एम. जबलपूरचा खटला? आणीबाणीत स्थानबद्धांचे अर्ज ऐकायलाच हवेत, असं म्हणणाऱ्या उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांत साहेब होते. एप्रिल १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते सगळं उलटवलं. २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींनी सांगितलं की शहात्तरचा निकालच चूक होता. एकेचाळीस वर्षांनी! साहेब तेव्हा हयात होते. हे वाचताना मला किती बरं वाटलं होतं.

पुन्हा शिकवायला लागले. तुला कायदा मी काय सांगणार, माफ कर. लिहायचं होतं वेगळंच.

तू म्हणतेस, न्यायाधीशाने गावात मिसळू नये, कुणाच्या लग्नाला जाऊ नये, शेजाऱ्याकडे चहा घेतला तरी बोभाटा होतो. असेल तसं. पण मग तू संध्याकाळी बोलणार कुणाशी? लहानपणापासून शाळेतलं सगळं मला येऊन सांगितल्याशिवाय तू दप्तर खाली ठेवलं नाहीस. ट्रेनिंग संपून कुठे नेमणूक होईल कोण जाणे. सरकारी क्वार्टर, दाराशी शिपाई, आणि आत तू एकटी. रात्री दोनला जाग येते तेव्हा मला हेच दिसतं. बाबा म्हणतात, पोरगी न्यायाधीश झाली, आनंद कर. करतेच आहे. निकाल लागला त्या दिवशी अख्ख्या आळीला फोन मीच केले होते.

कोर्टात कुणी आजोबांसारखा आला, अडखळत बोलणारा, तर त्याला पुरतं बोलू दे. तारखा साचल्या असतील, वरून निकालांचा हिशोब मागत असतील, तरी. एवढंच सांगायचं होतं खरं तर. मग तू फार एकटी पडणार नाहीस असं मला उगाच वाटतं.

मामा रविवारी भाईंदरला येतोय. चिकू आणि सुका बोंबील पाठवते, बोंबलाचा डबा घट्ट झाकून ठेव, खोलीत वास नको. चिकू दोन दिवस पिकू दे. मामाशी नीट बोल. त्याने काही मनात धरलेलं नाही, पण तू बोल.

आणि खोलीत दुसरं कोण आहे ते कळव. मलाच कळव, बाबांना नको.

तुझी,
आई