रेमेडियल वर्गांचा हिशेब चुकतो तो इथे

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

‘उपचारात्मक (रेमेडियल) वर्गांमुळे, म्हणजे मागे पडलेल्या मुलांसाठीच्या जादा वर्गांमुळे, ८० टक्के विद्यार्थी उत्तीर्ण’ अशा वाक्यांवर महाविद्यालयांचे अहवाल खूश असतात. हे ८० टक्के कशाचे? समजा, गणिताच्या प्रवेश चाचणीनंतर ६० जणांना वर्गाला पाठवले. ४५ आले, शेवटच्या परीक्षेला ३० बसले, २४ पास झाले. चोवीस भागिले तीस, म्हणून ऐंशी! छेदात ६० घेतले की तेच ४० टक्के होतात. पुढच्या सत्रात गणिताच्या नियमित पेपरात यांतले १५ जणच पास झाले, तर खरा आकडा २५ टक्के. वर्ग ज्यासाठी घेतला तो तोच पेपर.

आधीच्या व नंतरच्या चाचणीतली वाढही फसवी असते. सर्वांत कमी गुणांची मुले निवडली की त्यांत काही जण त्या दिवशी नेमके अडखळलेले असतात. काहीही न शिकवता त्यांचे गुण पुढच्या वेळी वर सरकतात. इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टनने सरासरीकडे परतण्याची ही प्रवृत्ती १८८६ मध्येच मांडली होती. उलट, वर्गातल्या मुलांची तुलना बाकी सगळ्यांशी केली तर वर्ग नाहक बदनाम होतो, कारण ती मुले मुळातच मागे होती.

मग तुलना कोणाशी? कटऑफ ४० असेल, म्हणजे त्याहून कमी गुण मिळालेल्यांनाच वर्गाला पाठवत असतील, तर ३५ ते ३९ गुणवाल्यांची ४० ते ४४ वाल्यांशी. दोघांच्या तयारीत फारसा फरक नसतो, वर्ग मात्र एकाच गटाला मिळतो. ही पद्धत १९६० पासून ज्ञात आहे. वर्गाला न फिरकलेला ३८ गुणांचा विद्यार्थीही ‘पाठवलेला’ म्हणूनच मोजायचा आणि कॉलेज सोडून गेलेला ‘अनुत्तीर्ण’ म्हणून. गटांत राहिलेला किंचित फरक गुणांनुसार आलेख काढून वजा करता येतो. ३९ चे ४० करण्याचा कनवाळूपणा मात्र सगळे बिघडवतो: कोणत्या गुणांवर किती मुले आहेत याच्या आलेखात ३९ वर खड्डा आणि ४० वर उंचवटा दिसला की तुलना सोडून द्यावी. ३५ ते ४४ च्या पट्ट्यात दहा-पंधराच मुले असतील तर तीन-चार वर्षांच्या तुकड्या एकत्र कराव्यात. चाचणी आणि कटऑफ तेच हवेत. दहा गुणवाल्यांना वर्गाचा उपयोग झाला का, हे यातून कळत नाही. त्यांच्यासाठी वेगळी सोय, वेगळे मोजमाप लागेल.

याला पैसा जवळजवळ लागत नाही. वर्गाची यादी लागल्यावर मूळ गुणपत्रके रद्दीत न घालता आसन क्रमांकासह पुढच्या निकालापर्यंत जपावीत, एवढे कार्यालयांनी करावे.

आपला,
एक वाचक