एकच पत्ता, दोन घरं

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र वाचलं आणि लगेच उत्तर लिहायला बसलो. ‘तुझ्या लॅपटॉपचा पत्ता १९२.१६८.१.७ आणि माझ्याही लॅपटॉपचा तोच, मग इंटरनेटवर घोळ कसा होत नाही?’ हे तू विचारलंस, याचा फार आनंद झाला. नेटवर्क शिकणाऱ्याने नेमकं इथेच अडायला हवं. उत्तर सांगतोच, पण आधी गेल्या आठवड्यातली गोष्ट ऐक.

एका मशीनचा पत्ता होता १०.२०.४.१७. त्यावर बाहेरच्या साइट्स उघडत होत्या, मेल जात होते, पण १०.२०.९.५ वरचा सर्व्हर काही केल्या सापडत नव्हता. केबल बदलली, फायरवॉल तपासला, सर्व्हरही बंद करून चालू केला. चार तास गेले. शेवटी पत्त्यासोबत भरायचा मास्क नावाचा आकडा बघितला, तर २५५.२५५.२५५.० च्या जागी २५५.२५५.०.० पडला होता.

आता यात काय झालं ते बघ. आयपी अ‍ॅड्रेस म्हणजे ३२ बिट्स, म्हणजेच ३२ शून्य-एक. वाचायला सोपं जावं म्हणून आठ-आठ बिट्सचे चार आकडे करून लिहितात. त्यातले डावीकडचे किती बिट्स नेटवर्कचे, हे मास्क सांगतो. उरलेले त्या नेटवर्कमधल्या मशीनचे. पॅकेट, म्हणजे माहितीचा छोटा तुकडा, पाठवण्याआधी मशीन एवढंच ठरवतं, की समोरचा आपल्याच नेटवर्कमधला आहे की बाहेरचा. बाहेरचा असेल तर पॅकेट गेटवेच्या, म्हणजे नेटवर्कबाहेर नेणाऱ्या राउटरच्या, हवाली. आतला असेल तर ‘हा पत्ता कोणाचा?’ अशी हाक सगळ्यांना मारायची. याला एआरपी म्हणतात. चुकीच्या मास्कमुळे त्या मशीनला १०.२० ने सुरू होणारे सगळेच घरातले वाटत होते. ते हाका मारत राहिलं. सर्व्हर दुसऱ्या नेटवर्कमध्ये, त्याच्यापर्यंत हाक पोचतच नव्हती, मग ओ कोण देणार? बाकी इंटरनेट चालू होतं, कारण ते पत्ते उघडच बाहेरचे होते आणि गेटवेकडे जात होते.

२५५.२५५.२५५.० ला आम्ही ‘स्लॅश २४’ म्हणतो, म्हणजे पहिले २४ बिट्स नेटवर्कचे. पूर्वी ए, बी, सी असे ठरावीक आकाराचे वर्ग होते आणि त्यात पत्ते फार वाया जायचे. १९९३ मध्ये सीआयडीआर आलं आणि हवा तेवढा तुकडा पाडता येऊ लागला. जुन्या नोट्समध्ये ते वर्ग दिसले तर त्यात फार वेळ घालवू नकोस.

राउटिंगमधली, म्हणजे पॅकेटला नेटवर्कांमधून वाट दाखवण्यातली, मला सर्वात आवडणारी गोष्ट ही, की कुठल्याही राउटरला पूर्ण रस्ता माहीत नसतो. प्रत्येकाकडे एक टेबल असतं, आणि अमुक पत्त्यासाठी पुढचा राउटर कोणता, इतकंच त्यात असतं. दोन नोंदी जुळल्या तर जास्त बिट्स जुळणारी नोंद जिंकते. हा नियम किती ताकदीचा आहे ते २४ फेब्रुवारी २००८ ला दिसलं. पाकिस्तान टेलिकॉमने देशात यूट्यूब बंद करण्यासाठी यूट्यूबच्या पत्त्यांतला एक स्लॅश २४ आपलाच म्हणून जाहीर केला, आणि ती घोषणा देशाबाहेर निसटली. यूट्यूबची स्वतःची घोषणा स्लॅश २२ ची होती. जास्त नेमकी नोंद जिंकली आणि जगभरचं ट्रॅफिक भलतीकडे वळलं. ज्या बीजीपीवर मोठी नेटवर्क्स एकमेकांना आपले पत्ते कळवतात, तो मुळात विश्वासावर उभा आहे. याची मला खरंच काळजी वाटते.

आता तुझा प्रश्न. ३२ बिट्समध्ये साधारण ४२९ कोटी पत्ते होतात, आणि जगाला ते पुरले नाहीत. फेब्रुवारी २०११ मध्ये मध्यवर्ती साठा संपला. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खाजगी वापरासाठी राखून ठेवलेले आहेत. ते कोणीही आपापल्या आत वापरावेत, बाहेरच्या इंटरनेटवर ते चालत नाहीत. पॅकेट बाहेर पडताना तुझा राउटर पाठवणाऱ्याचा पत्ता बदलून आपला सार्वजनिक पत्ता लावतो, कोणत्या पोर्टवरून (म्हणजे प्रत्येक संवादाला दिलेल्या क्रमांकावरून) कोण बोलतंय ते लिहून ठेवतो आणि उत्तर आलं की त्या नोंदीवरून तुझ्या लॅपटॉपला देतो. हेच नॅट. त्याने वेळ निभावून नेली, पण बाहेरून थेट तुझ्या मशीनला हाक मारायची सोय गेली. म्हणून मी आयपीव्ही६ च्या, म्हणजे आयपीच्या नव्या आवृत्तीच्या, बाजूचा आहे. तिथे पत्ता १२८ बिट्सचा, आणि एका साध्या सबनेटला, म्हणजे नेटवर्कच्या एका तुकड्याला, सहसा स्लॅश ६४ देतात. म्हणजे आयपीव्ही४ मध्ये, त्या ३२ बिट्सच्या पद्धतीत, जेवढे पत्ते आहेत, त्या संख्येचा वर्ग एकट्या सबनेटमध्ये!

आज रात्री ट्रेसरूट, म्हणजे पॅकेटच्या वाटेतले राउटर दाखवणारी कमांड, चालवून बघ. प्रत्येक पॅकेटवर टीटीएल नावाचा आकडा असतो, दर राउटर तो एकाने कमी करतो, आणि शून्य झाला की पॅकेट टाकून देऊन बहुधा पाठवणाऱ्याला तसं कळवतो. ट्रेसरूट तो आकडा मुद्दाम १, २, ३ असा वाढवत वाटेतल्या राउटरांना बोलतं करतं. काही ओळींत नुसत्या चांदण्या (*) दिसतील, तिथे राउटरने उत्तर दिलेलं नसतं, घाबरू नकोस. खाजगी पत्ते कितव्या ओळीला संपतात ते मात्र मला नक्की कळव.

तुझा मित्र