लिनक्स बसवताना एलव्हीएम निवडा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नियमित सपोर्ट बंद केला. तेव्हापासून माझ्या दुरुस्तीच्या दुकानात जुना पीसी आणून ‘यावर लिनक्स चालेल का?’ असं विचारणारे वाढले आहेत. विंडोजच्या जागी बसवता येणारी ही ऑपरेटिंग सिस्टिम जुन्या पीसीवर चालते, आणि छान चालते. पण घरच्या घरी लिनक्स बसवून नंतर अडलेली मंडळीही येतात. त्यातल्या बहुतेकांचं दुखणं एकच : रूट (सिस्टिम आणि प्रोग्रॅम असलेला डिस्कचा भाग) गच्च भरलेलं आणि होममध्ये (आपल्या फाइल्सच्या भागात) भरपूर जागा पडून.

परवा एका कॉलेजच्या मुलीचा पीसी आला. तिने रूटला २० जीबी दिले होते. जुने कर्नल (लिनक्सचा गाभा), स्नॅप पॅकेजेस (अ‍ॅप्सचे गठ्ठे) आणि लॉग (सिस्टिमच्या नोंदी) यांनी ते भरले आणि अपडेट मध्येच अडकलं. होममध्ये मात्र ८० जीबी रिकामे! साध्या पार्टिशनला, म्हणजे डिस्कच्या अशा वाटणीला, डिस्कवर सलग जागा लागते. त्यामुळे पेनड्राइव्हवरून बूट करून जीपार्टेड या पार्टिशन बदलण्याच्या प्रोग्रॅमने आधी होम लहान करायचं, ते पुढे सरकवायचं आणि मग रूट वाढवायचं. हे सरकवणं तासन्‌तास चालतं. मध्येच वीज गेली तर डेटा गेलाच म्हणून समजा.

एलव्हीएम, म्हणजे लॉजिकल व्हॉल्यूम मॅनेजर, नेमका याच्यावरचा इलाज आहे. डिस्कची जागा एका व्हॉल्यूम ग्रुपमध्ये, म्हणजे सामायिक साठ्यात, जमा होते, तिचे सहसा चार-चार एमबीचे तुकडे पडतात आणि रूटला, होमला लागतील तसे ते मिळतात. तुकडे सलग असावे लागत नाहीत. ग्रुपमध्ये जागा शिल्लक असली की एलव्हीएक्स्टेंडची एक कमांड पुरते. तिला ‘आर’ हा पर्याय जोडला की फाइल सिस्टिमही (त्या भागात फाइल्स मांडून ठेवणारी रचना) सोबत वाढते. पीसी बंदसुद्धा करावा लागत नाही.

मिंट आणि उबुंटू या लिनक्सच्या प्रकारांच्या अनेक आवृत्त्यांच्या इन्स्टॉलरमध्ये हा पर्याय प्रगत सुविधांच्या बटणामागे असतो, म्हणून नवखे तिकडे फिरकतच नाहीत. मराठीतून लिनक्स शिकवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की हे बटण पहिल्याच तासाला दाखवा. स्वतः वाटणी करत असाल तर रूट, होम बेताचे ठेवा आणि उरलेली जागा ग्रुपमध्येच राहू द्या. वाढवणं सोपं आहे, कमी करणं नाही. ईएक्सटी४ ही फाइल सिस्टिम लहान करायची तर आधी अनमाउंट करावी (वापरातून काढावी) लागते आणि एक्सएफएस या दुसऱ्या फाइल सिस्टिमच्या बाबतीत तर लहान करण्याचा नाद सोडलेलाच बरा.

आणखी एक. घरात पडलेली जुनी हार्डडिस्क याच ग्रुपमध्ये जोडून रूट तिच्यावर पसरवण्याचा मोह होतो. तो टाळा. दोन डिस्कवर पसरलेल्या व्हॉल्यूममधली (रूट, होमसारख्या भागातली) एक डिस्क मेली की सगळा व्हॉल्यूम हातचा जातो. जुन्या डिस्कचा ग्रुप वेगळा करा, आणि फोटो, कागदपत्रं यांची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर ठेवाच. एलव्हीएम म्हणजे बॅकअप नव्हे.

– एक संगणक दुरुस्ती व्यावसायिक, इचलकरंजी