बारा दिवसांची सेवा आणि पंधरावा दिवस

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार. सांगली-मिरज परिसरातील ख्रिस्ती तरुणांचा एक गट पूर्व आफ्रिकेतील खेड्यांत दहा-बारा दिवस सेवा करून परतल्याची सचित्र बातमी आपल्या दैनिकात वाचली. कौतुक वाटलेच, परंतु अशाच एका दौऱ्यावर मी स्वतः जाऊन आले असल्यामुळे छायाचित्रांत न आलेल्या काही गोष्टी वाचकांपुढे, विशेषतः येथील मंडळ्यांच्या (चर्चच्या) पंचांपुढे, मांडणे मला आवश्यक वाटते.

मिरजेत पस्तीस वर्षे परिचारिका म्हणून काम करून निवृत्त झाल्यावर मी आमच्या मंडळीतील अकरा जणांबरोबर केनियाच्या पश्चिम भागात, किसुमूपासून काही तासांवरच्या एका खेड्यात, बारा दिवस राहिले. माणशी दीड लाखाच्या आसपास खर्च आला व तो निम्म्याहून अधिक दानार्पणातून उभा राहिला. पीतज्वराची लस जाण्याच्या किमान दहा दिवस आधी टोचून घ्यावी लागते, कारण तिचा दाखला नसल्यास परतताना आपल्याच विमानतळावर अलग ठेवले जाण्याची वेळ येते. हिवतापाच्या प्रतिबंधक गोळ्या निराळ्या. या तयारीत आमचे दोन महिने गेले. त्या गावच्या दवाखान्यात कोण काम करते आणि तिथे कोणती औषधे मिळतात, हे मात्र आमच्यापैकी एकानेही विचारले नव्हते, आणि यातून मी स्वतःला वगळत नाही.

शाळेच्या आवारात तीन दिवस मोफत तपासणी शिबिर झाले. परदेशी डॉक्टर-परिचारिकांना तिथल्या वैद्यकीय व परिचर्या परिषदांची तात्पुरती परवानगी घ्यावी लागते; आयोजकांनी ती डॉक्टरांपुरतीच घेतली होती, हे मला पोहोचल्यावर कळले, म्हणून मी रांग लावण्याचे व नावे लिहिण्याचे काम पत्करले. साठीच्या एका बाईचा रक्तदाब १९०/११० भरला. आमच्या डॉक्टरांनी तिला चौदा दिवसांच्या गोळ्या दिल्या, तिच्यासाठी प्रार्थना झाली, ती आनंदाने घरी गेली. दुसऱ्या दिवशी गावच्या सरकारी दवाखान्यातील सिस्टर आमच्याकडे आल्या आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, की पंधराव्या दिवशी ही बाई माझ्याकडे येईल, ही गोळी माझ्याकडे नाही असे मला सांगावे लागेल आणि तेव्हा ती नावे मलाच ठेवील, तुम्हाला नाही.

त्यांनी मला आपले नोंदवहीचे पान दाखवले. एरवी दिवसाला वीस-पंचवीस नावे असत. शिबिराच्या पहिल्या दोन दिवसांत मिळून तीन होती. परदेशातून डॉक्टर येणार म्हणून लोकांनी दुखणी राखून ठेवली होती. त्यांत एक तापाने फणफणलेले मूलही होते, ज्याला आईने दोन दिवस घरीच ठेवले होते. व्हिक्टोरिया सरोवराच्या काठच्या या पट्ट्यात हिवताप बारमाही असतो आणि लहान मुलाच्या बाबतीत दोन दिवसांचा उशीर जिवावर बेतू शकतो. बोटाच्या थेंबभर रक्तावर काही मिनिटांत होणारी चाचणी आणि त्यावरची औषधे त्या दवाखान्यात होती. आपल्याकडे जशा आशाताई, तशा केनिया सरकारने २०२३ मध्ये सुमारे एक लाख आरोग्य कार्यकर्त्यांना साहित्याची पेटी देऊन गावोगाव नेमले; त्यांपैकी एक बाई त्याच आईच्या शेजारी राहत होती. ते मूल वाचले, पण त्यात आमचे श्रेय काही नाही.

आमच्या तरुणांनी मुलांना हात धुण्याचे प्रात्यक्षिक दिले. त्यासाठी लागलेले पाणी शाळेतल्याच मुलींनी पिवळ्या कॅनमधून दूरच्या झऱ्यावरून डोक्यावर आणले होते. जत-आटपाडीकडे टँकरच्या रांगेत ज्यांचे बालपण गेले, अशी दोन मुले आमच्या गटात असूनही हे कोणाच्या लक्षात आले नाही, याचे मला आजही नवल वाटते.

या विषयात काही वाचकांना धर्मांतराचाच वाद दिसेल. तिथे तो प्रश्न नव्हता. केनियातील बहुसंख्य लोक ख्रिस्तीच आहेत. त्या गावाला स्वतःचे पाळक आहेत, गायकवृंद आहे आणि रविवारची उपासना चार-चार तास चालते. शुभवर्तमान आम्ही कोणाला सांगायला गेलो होतो, हा प्रश्न तिथल्या पाळकांनी सौजन्यापोटी विचारला नाही, इतकेच.

सेवा कशी रुजते, हे खरे तर मिरजकरांना कोणी शिकवायला नको. डॉ. विल्यम वानलेस १८८९ मध्ये भारतात आले, १८९४ मध्ये त्यांनी मिरजेचे रुग्णालय उभे केले आणि १९२८ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते याच कामात राहिले. वानलेसवाडी हे नाव बारा दिवसांच्या शिबिराने पडलेले नाही. पूर्व आफ्रिकेशीही मराठी मुलखाचा संबंध जुना आहे. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुले नाशिकजवळच्या शरणपूरच्या मिशनमध्ये वाढली, सुतारकाम-लोहारकाम शिकली आणि त्यांतील अनेक जण पुढे मोंबासाजवळ जाऊन कायमचे वसले. तिथल्या वसाहतीला ज्यांच्या नावावरून फ्रीअर टाउन म्हणतात, ते बार्टल फ्रीअर एके काळी साताऱ्याचे रेसिडेंट, म्हणजे तिथल्या दरबारातले इंग्रजांचे प्रतिनिधी, होते. शरणपूरची ती माणसे परतीचे तिकीट काढून गेली नव्हती.

आजच्या नोकरी-शिक्षणाच्या धबडग्यात तरुणांनी चाळीस वर्षे द्यावीत, असे मी म्हणत नाही. अशा दौऱ्याने तरुणांचा विश्वास दृढ होतो, त्यांना जग दिसते, हा युक्तिवादही मला मान्य आहे. मात्र तसे असेल तर त्याला सहल किंवा अभ्यासदौरा म्हणावे आणि त्यासाठी सेवेच्या नावाने दानार्पण गोळा करू नये.

आमच्या मंडळीची वार्षिक सभा पुढील महिन्यात असून पुढच्या दौऱ्याचा निधी हा विषय तिच्यापुढे आहे. त्या गावच्या दवाखान्याने व मंडळीने लेखी बोलावल्याशिवाय तिकिटे काढू नयेत, नेलेले प्रत्येक औषध त्याच दवाखान्याच्या यादीतले असावे व त्याच्याच नोंदवहीतून दिले जावे, आणि बाराऐवजी दोघांनी जाऊन उरलेली रक्कम तिथल्या औषधसाठ्यासाठी वर्षभर हप्त्याने पाठवावी, अशी सूचना मी मांडणार आहे. इतर मंडळ्यांनीही आपापल्या सभेत ती चर्चेला घ्यावी, अशी विनंती आहे. निघताना त्या सिस्टरना मी काय पाठवू असे विचारले होते. जाड दंडाला पुरेल असा रक्तदाबाचा मोठा पट्टा, असे त्या म्हणाल्या. आम्ही औषधांच्या व भेटवस्तूंच्या चौदा बॅगा नेल्या होत्या. त्यांत तो नव्हता. मी तो मिरजेत घेऊन टपालाने पाठवला आणि पोहोचल्याचा निरोप सात आठवड्यांनी आला.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचारिका, मिरज (जि. सांगली)