इंटरनेटची लाइन तपासायला आलेल्या तंत्रज्ञ बंधूंस

स. न. वि. वि.

दहावीच्या निकालानंतर शाळा सोडल्याच्या दाखल्यांसाठी खिडकीबाहेर पालकांची रांग लागलेली असताना प्रिंटर ‘ऑफलाइन’ दिसावा, यासारखी नामुष्की शाळेच्या लिपिकावर दुसरी येत नाही. तुमच्याआधी आलेल्या एकाने ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर चालवणारी संगणकातली आज्ञावली, काढून पुन्हा घातला आणि पैसे घेऊन तो गेला. वीज जाऊन येताच प्रिंटर पुन्हा गप्प. दुसऱ्याने यंत्राकडे धड न पाहताच नवीन घेण्याचा सल्ला दिला, आणि नेमके काय बिघडले आहे असे मी विचारल्यावर, “मॅडम, ते तुम्हाला नाही कळणार,” म्हणत मॉनिटर स्वतःकडे वळवला.

तुमचे काम लाइन तपासण्यापुरते होते, प्रिंटर तुमच्या अखत्यारीत नव्हताच. तरीही तुम्ही त्याच्याच मेनूतून माहितीचा कागद छापून माझ्यापुढे ठेवलात. त्यावर प्रिंटरचा नेटवर्कवरचा पत्ता होता १९२.१६८.१.७, आणि संगणक अजून शेवटी ४ असलेल्या पत्त्यावरच दाखले धाडत होता. बिऱ्हाड हलवलेल्या माणसाला जुन्या घरी पत्रे टाकत राहावे, तसे. वीज गेली की आमचा राउटर पत्ते नव्याने वाटतो, हे इतक्या दिवसांत कोणीच सांगितले नव्हते.

पण आभार मानायचे आहेत ते त्यानंतरच्या गोष्टीसाठी. तुम्ही खुर्चीवरून उठलात आणि म्हणालात, “मॅडम, बसा. प्रिंटरच्या कायमच्या पत्त्याचे आकडे तुम्हीच घाला.” पहिले तीन आकडे संगणकाचे तेच प्रिंटरचे, शेवटचा मात्र वेगळा, आणि तोही राउटर वाटतो त्या १५० पर्यंतच्या आकड्यांपलीकडचा, म्हणजे दुसऱ्या कोणाला जाणार नाही, एवढेच तुम्ही सांगितलेत. प्रिंटरच्या इवल्याशा बटणावर बाण दाबता दाबता मी २०० ओलांडून २०३ वर गेले आणि परत आले. खिडकीतून घाईची हाक येत होती, पण तुम्ही हात पाठीमागे बांधून उभे राहिलात, बटणाला बोट लावले नाहीत. मग संगणकावरही तोच पत्ता नोंदवायला लावून पिंग, म्हणजे प्रिंटर त्या पत्त्यावर उत्तर देतो का याची चाचणी, करायला सांगितलेत, आणि काळ्या चौकटीत उत्तराच्या चार ओळी एकामागून एक उमटल्या.

टंकलेखन यंत्रावर दाखले काढण्यापासून मी नोकरी केली आहे. यंत्रे बदलत गेली तसे शिकवणारे कमी आणि बाजूला सारणारे जास्त भेटले. तुमच्या वयाच्या माणसाने, तेही स्वतःचे काम खोळंबलेले असताना, इतका धीर धरावा, याचे मला अजूनही अप्रूप वाटते. सभ्यपणा म्हणतात तो बहुधा असाच, समोरच्याला अडाणी न ठरवता वागण्यात असावा.

त्यानंतर वीज कितीतरी वेळा गेली, दाखले मात्र थांबले नाहीत. मुख्याध्यापकांच्या खोलीत नवा प्रिंटर आला, तेव्हा कोणालाही न बोलावता त्याला २०१ मीच दिला.

आपली आभारी,
शाळेच्या कार्यालयातील वरिष्ठ लिपिक