जांघेतल्या फुगवट्याबद्दल

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

काल फोनवर आईने आवाज खाली आणून सांगितलं, की दोन महिने झाले बाबांच्या जांघेत फुगवटा आहे आणि ते कुणाला दाखवत नाहीत. बाबा, मुलगी असल्या जागेबद्दल लिहितेय म्हणून अवघडू नका. लहानपणी माझ्या पायातला काटा काढल्यावर अवधाण आलंय का, ते तुम्हीच चाचपून बघायचात.

आईला हेही अवधाणच वाटतंय. पण अवधाण म्हणजे पायाच्या जखमेने तिथल्या लसिका ग्रंथी सुजणं, ती गाठ आडवं झाल्याने जात नाही. तुमचा फुगवटा खोकलं की येतो, झोपलं की जिरतो. हे लक्षण अंतर्गळाचं, म्हणजे हर्नियाचं.

कमरेच्या हाडाचं पुढचं टोक हाताला लागतं ना, तिथून खाली मधल्या हाडापर्यंत एक तिरका बंध ताणलेला असतो. त्याच्या जरा वर, पोटाच्या भिंतीत, साधारण 4 सेंटिमीटरची तिरपी वाट असते. जन्माआधी वृषण पोटातून खाली उतरतात ते याच वाटेने, म्हणून पुरुषांची ही जागा मुळातच कच्ची. वयाने स्नायू सैलावले, की आतड्याचा भाग तिथून पुढे सरकतो. यात लाजण्यासारखं काय आहे?

बंधाखाली मांडी सुरू होते. तिथे मध्यावर दोन बोटं दाबून धरा, ठोका लागेल. ती पायाची मुख्य धमनी. तिच्या बाहेरच्या अंगाला मज्जातंतू, आतल्या अंगाला शीर, आणि शिरेपलीकडे एक चिंचोळी मोकळी जागा. आई, या जागेतून उतरणारा हर्निया बायकांत जास्त होतो आणि आतडं तिथे पटकन अडकतं. तुला कधी गाठ लागली तर तूही लपवू नकोस.

बाबा, पट्टा बांधून हे बरं होत नाही. बहुतेक वेळा ऑपरेशन करून जाळी बसवतात. मात्र गाठ कडक झाली, दुखू लागली, आत जाईना किंवा उलट्या झाल्या तर ती ढकलत बसू नका, मध्यरात्र असली तरी हॉस्पिटल गाठा. अडकलेल्या आतड्याचा रक्तपुरवठा काही तासांत तुटू शकतो.

शनिवारी येतेय, सर्जनची वेळ घेतली आहे. ते उभं करून खोकायला सांगतील आणि बोटाने तपासतील. मी आत थांबू की बाहेर बसू, ते तुम्ही म्हणाल तसं.

तुमची,
लेक