बाबांच्या डोळ्यात थेंब कोण टाकतं?

आखेन (जर्मनी), १८ जानेवारी

ती. आई-बाबांस शि. सा. न. वि. वि.

मी मजेत आहे. आई, सांडग्यांचा अर्धा डबा अजून शिल्लक आहे, तेव्हा जेवणाचं विचारू नकोस. प्रयोगशाळेतल्या अ‍ॅसिडचंही नको. पोलादाचा तुकडा घासून आरशासारखा करायचा, त्यावर अल्कोहोलमधलं थोडंसं नायट्रिक अ‍ॅसिड काही सेकंद लावायचं, की सूक्ष्मदर्शकाखाली कण दिसतात. हातमोजे असतातच.

‘एवढं शिकून लोखंडच मोडते का पोरगी?’ असं मामी म्हणाली म्हणे. हो, मोडते. १० मिलिमीटर जाडीचा, ५५ लांबीचा तुकडा, मध्ये २ मिलिमीटरची खाच. उणे ४० अंशांवर गार करायचा आणि बाहेर काढल्यापासून ५ सेकंदांत त्यावर हातोडा पडला पाहिजे. आपल्या उन्हात जे पोलाद नुसतं वाकेल, तेच कडाक्याच्या थंडीत काचेसारखं तुटू शकतं. बाबा, तुम्ही अजनीच्या रेल्वे शेडमध्ये चाकावर हातोडी मारून आवाजावरून तडा ओळखायचात, त्याच जातीचं हे काम. जर्मनीतल्याच व्योलर नावाच्या इंजिनियरनं १८६० च्या सुमारास रेल्वेच्या अ‍ॅक्सलवर दाखवून दिलं, की एका झटक्याला न तुटणारं लोखंड लाखो फेऱ्यांनी थकून तुटतं. मामीला हे सांगा.

इथल्या खिडक्यांचं मात्र अजून नवल वाटतं. बाहेर उणे ३, आणि घरमालकीणबाई सगळ्या खिडक्या सताड उघडायला लावतात. किलकिल्या चालत नाहीत. हीटर बंद करून ५-१० मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा! श्वासाची, स्वयंपाकाची वाफ गार भिंतीवर बसून बुरशी धरते, म्हणून. थोडाच वेळ उघडल्यानं हवा बदलते, भिंती गार होत नाहीत. याला ‘ल्युफ्टन’ म्हणतात, घराच्या करारातसुद्धा लिहिलंय. आपण कूलर लावला की खिडकी उघडी ठेवतो ना, नाहीतर घर दमट होतं, तसंच समजा.

मी ६० हजार रुपये पाठवले आहेत. एफडी मोडू नका. बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर कळवलंत, मी काळजी करीन म्हणून, ते समजलं. आधी कळवलं असतं तरी सुट्टी मिळाली नसती. निदान विचारून तरी पाहिलं असतं.

अमरावतीच्या स्थळाला होही कळवू नका, नाहीही. मे महिन्यात येते, तेव्हा भेटते. नक्की.

आई, थेंब टाकताना तुझा हात थरथरतो, असं पिंकी म्हणत होती. समोरच्या काकूंना हाक मारत जा. चारही वेळा.

तुमची,
मनू